देणे आणि देणगी

गेल्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पुतण्याने मला इस्तंबूलहून एक छायाचित्र पाठविले. तो व्यापारी जहाजावर अभियंता आहे. त्याचे जहाज दुरुस्तीसाठी इस्तंबूलजवळील तुझ्ला येथील गोदीत चढविलेले होते. रविवारी सुट्टी मिळताच तो शहरातील इस्तिक्लाल रस्त्यावर असलेल्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये मिस्साला गेला होता. चित्रात ना वेदी होती, ना लाल विटांची ती प्रसिद्ध दर्शनी भिंत. होती ती एक साधी लाकडी पेटी, वर नाणी टाकण्याची फट, आणि खाली एकच तुर्की शब्द.

सोबत त्याने लिहिले होते, “फादरकाका, हा शब्द बघा. दानपेटीवर हाच आहे, आणि आत्ता मिस्सात प्रभूच्या प्रार्थनेत ‘क्षमा कर’च्या जागीही हाच होता. हातात तुर्की आणि इंग्रजी अशी दोन्हींची पुस्तिका होती, म्हणून ताडून पाहिलं. पैसे टाकायला आणि पापांची क्षमा मागायला एकच शब्द कसा पुरतो?”

प्रश्न भाषेचा होता, आणि भाषेचे प्रश्न मला मनापासून आवडतात. गोरेगावच्या सेमिनरीत असताना ग्रीक भाषेच्या तासाला मी जितका जागा असे, तितका अन्य कोणत्याही तासाला नसे, हे माझ्या वर्गबंधूंना ठाऊक आहे. त्याच रात्री मी कोश काढून बसलो आणि त्याला चांगले लांबलचक उत्तर लिहिले. वाचकहो, ते उत्तर आधी आपल्यापुढे ठेवतो. त्यावर त्याने जो एका ओळीचा प्रतिप्रश्न केला, त्याकडे यायला मला तेव्हाही वेळ लागला होता.

इंग्रजीतील ‘फर्गिव्ह’ या क्रियापदाला तुर्की भाषेत मुख्यत्वे दोन प्रतिशब्द आहेत. पहिला ‘अफेत्मेक’. यातील ‘अफ’ हा अरबी शब्द, आणि ‘एत्मेक’ म्हणजे करणे. दुसरा ‘बाअश्लामाक’. याच्या लेखनात मध्ये एक टोपी घातलेला ‘ग’ असतो, पण तो उच्चारला जात नाही, नुसता आधीचा स्वर लांबवितो. ‘बाअश’ म्हणजे देणगी. ‘बाअश्लामाक’ म्हणजे देणगी देणे, आणि क्षमा करणे हाही त्याचाच अर्थ. संदर्भाने काय ते समजायचे. तुर्कस्तानातील ख्रिस्ती लोक प्रभूच्या प्रार्थनेत हेच क्रियापद वापरतात.

पुतण्याला याचे नवल वाटले, पण त्याने रोज बोलावयाच्या इंग्रजी शब्दाकडे तरी नीट पाहिले होते काय? ‘फर्गिव्ह’मध्ये ‘गिव्ह’ आहे. आपण ‘पार्डन’ म्हणतो, त्यात देणगीवाचक लॅटिन ‘दोनारे’ आहे. देणे आणि क्षमा करणे यांची ही सोयरीक केवळ तुर्कांनी जमविलेली नाही.

संत पौलाने तर ती याहून आधी जमविली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी एकमेकांना क्षमा करण्याचा जो उपदेश आहे, तेथे मूळ ग्रीक क्रियापद ‘खारीझोमाय’ हे आहे. ‘खारिस’ म्हणजे कृपा, विनामूल्य दान. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही तेच क्रियापद. आता योगायोग असा की इफिस आणि कलस्सै ही दोन्ही नगरे आजच्या तुर्कस्तानात येतात. म्हणजे पुतण्या ज्या देशात दानपेटीपुढे उभा राहून गोंधळला, त्याच देशातील ख्रिस्ती लोकांना पौलाने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हेच सांगितले होते की तुमची क्षमा ही एक देणगी असू द्या. तेव्हा तेथे तुर्की भाषा पोहोचलीही नव्हती.

आणखी एक आठवण त्याला लिहिली. ज्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये तो गेला, तेथे एके काळी आंजेलो रोंकाल्ली नावाचे एक स्थूल, हसतमुख इटालियन धर्माधिकारी प्रवचन देत. १९३५ ते १९४४ ही वर्षे ते इस्तंबूलमध्ये पोपमहोदयांचे प्रतिनिधी होते. धर्मगुरूंनी रस्त्यात झगा घालू नये असा तुर्की सरकारचा कायदा झाला, तेव्हा ते कुरकुर न करता साध्या सुटात वावरले. उपासनेतील काही प्रार्थना त्यांनी तुर्कीत म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा काही भाविक नाराज झाले.  हेच रोंकाल्ली १९५८ मध्ये तेविसावे योहान म्हणून पोप झाले आणि त्यांनी बोलाविलेल्या व्हॅटिकन महासभेमुळे आपल्याला मायबोलीत मिस्सा लाभला. तेव्हा मुंबईच्या उपनगरात आपण मराठीत ‘क्षमा’ मागतो, त्याचा एक धागा त्या इस्तिक्लाल रस्त्यापर्यंत पोहोचतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होऊ नये.

आता आपल्या मराठीकडे येतो.

उपासनेत आपण ‘क्षमा’ हा शब्द वापरतो. तो संस्कृत, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘क्षम्’ या धातूचा अर्थ आहे सहन करणे, धीर धरणे. पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात, कारण आपण तिला नांगरतो, खणतो, तिच्यावर थुंकतो, आणि ती सोसते. घरात मात्र आपण ‘माफ कर’ म्हणतो. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आला. मोल्सवर्थने १८३१च्या आपल्या मराठी कोशात शब्दांपुढे त्यांच्या कुळाची अक्षरे छापली आहेत, ती पाहताना मला नेहमी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण होते. तुर्की ‘अफ’ आणि मराठी ‘माफ’ ही एकाच अरबी धातूची लेकरे. त्या धातूचा एक जुना अर्थ पुसून टाकणे असा आहे. वाळवंटातील पावलांचे ठसे वारा पुसून टाकतो, त्याला अरब हाच शब्द वापरतात. गंमत म्हणजे आपला ‘माफ’ जसाच्या तसा तुर्कीतही आहे, पण तेथे त्याला ‘मुआफ’ म्हणतात आणि त्याचा अर्थ करातून सूट मिळालेला असा कोरडा, कचेरीतला आहे. आपल्याकडेही शेतसारा माफ होतो, कर्जमाफी होते. मराठी शेतकऱ्याला हा अर्थ सांगावा लागत नाही.

शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तुर्कस्तानात १९२८ मध्ये लिपी बदलली आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषासंस्थेने अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याचा सपाटा लावला. पण तुर्कांचा ‘अफ’ गेला नाही आणि मराठी माणसाचा ‘माफ’ही गेला नाही. जो शब्द माणसे हात जोडून उच्चारतात, तो सरकारी हुकमाने जात नसावा.

गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत पापे ‘भोगस’ म्हणून विनवितात. फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासारखा इंग्रज जेझुइट राशोलला बसून मराठी ‘ख्रिस्तपुराण’ लिहितो, ते १६१६ मध्ये छापले जाते, आणि १६२२ मध्ये त्याचीच कोंकणी धर्मशिकवण छापली जाते. परक्या भाषेत या एका क्रियापदापाशी तो किती वेळ थांबला असेल, असे मला अनेकदा वाटून गेले आहे. आमच्या प्रोटेस्टंट बंधूंच्या मराठी बायबलात मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत ‘अपराध’ नाहीत, ‘ऋण’ आहे, आणि ‘क्षमा करणे’ नाही, ‘सोडणे’ आहे. हे भाषांतर मूळ ग्रीकला अधिक जवळचे आहे. मत्तयाने तेथे खरोखरच कर्ज असा शब्द वापरला आहे. लूकने पूर्वार्धात पापे म्हटली, पण उत्तरार्धात ऋणकोच ठेवले. प्रभू येशू ज्या अरमाईक भाषेत बोलत असे, तीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता, म्हणून ही सारी ओढाताण. आणि मत्तयाचे क्रियापद ‘आफिएमी’, म्हणजे जाऊ देणे. आपली गावठाणातली म्हातारी माणसे भांडण मिटविताना जे दोन शब्द उच्चारतात, अगदी तेच.

इतके सर्व लिहून मी पुतण्याला शेवटी विचारले होते की तुझ्या तुर्की मित्रांकडून आणखी काही शब्द गोळा करून आण. खरे तर त्याने आधीच पुष्कळ गोळा केले होते. साबणाला तेथे ‘साबुन’, हवेला ‘हावा’, मैदानाला ‘मेयदान’, दुकानाला ‘द्युक्कान’ आणि पनीरला ‘पेयनिर’ म्हणतात हे कळल्यावर त्याला परदेशात असल्यासारखे वाटेनासे झाले होते. गोदीतील एका वयस्क वेल्डरने निरोप घेताना त्याचा हात धरून ‘हाक्कनी हेलाल एत’ असे म्हटले. तेथे ही रीत आहे. प्रवासाला निघताना, नोकरी सोडताना, शस्त्रक्रियेला जाताना माणसे एकमेकांना असे म्हणतात, आणि दफनाच्या वेळी इमाम जमलेल्या लोकांना मृताच्या वतीने हेच विचारतो. तुझा जो काही हक्क माझ्यावर राहिला असेल, तो मला हलाल कर, म्हणजे सोडून दे, असा त्याचा भाव. समोरचा म्हणतो, ‘हेलाल ओल्सुन’, झाला. त्यातला ‘हक्क’ हा शब्द पुतण्याला लगेच ओळखू आला.

मलाही आला, आणि फार बरा वाटला नाही. त्याच संदेशाच्या शेवटी तो प्रतिप्रश्न होता.

“फादरकाका, मग बाबांच्या बाबतीत तुम्ही यांपैकी कोणतं क्रियापद वापरलंत?”

सायंकाळचा मिस्सा आटोपून मी सक्रिस्टीत उभा होतो. फोन खिशात टाकला आणि चार दिवस त्याला उत्तर दिले नाही.

आमचे घर अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात होते. पुढे ओटा, बाजूला विहीर, वळणावर प्लेगच्या काळातला क्रूस. पुढच्या खोलीत वडिलांचे वाणसामानाचे दुकान. जवळच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार उधारीवर सामान नेत आणि पगाराला फेडीत. बिलाच्या तळाशी वडील आपल्या रेखीव अक्षरात ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहीत. चूकभूल द्यावी घ्यावी. मी लहानपणी ते एखाद्या माणसाचे नाव समजत असे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साच्या आधी, वडील उधारीची वही घेऊन बसत. दोन-तीन नावे अशी असत, ज्यांच्याकडून पैसे येण्याची आशा नसे. कुणी विधवा, कुणी कामावरून कमी केलेला. वडील आपल्या ट्रंकेतल्या डब्यातून पैसे काढीत, मोजून गल्ल्यात टाकीत आणि त्या नावापुढे ‘जमा’ असे लिहून आडवी रेघ ओढीत. मी दहा वर्षांचा असेन. मी विचारले, “बाबा, पैसे तुमचेच, गल्लाही तुमचाच. नुसतं ‘माफ’ असं का नाही लिहीत?”

ते म्हणाले, “गल्ल्यातले पैसे मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याचे. ते कमी पडले तर कुणीतरी भरायला पाहिजेत ना? आणि ‘माफ’ लिहिलं तर तो माणूस माझ्या वहीत कायमचा माफीतला राहील. ‘जमा’ लिहिलं की हिशेब पुरा. उद्या तो ताठ मानेनं दुकानात येईल.”

त्या वर्षी डब्यातले पैसे म्हणजे दादाच्या नव्या बुटांचे पैसे होते. हे मला नंतर आईकडून कळले. दादा चौदा वर्षांचा होता. त्याने जुन्याच बुटांना पॉलिश केले आणि मिस्साला आला. तो काही बोलल्याचे मला आठवत नाही.

वडील २००४ मध्ये गेले. २००६ मध्ये दादाच्या सांगण्यावरून आईने आणि मी घरावरील आमचे हक्क त्याच्या नावे सोडले. मी धर्मगुरू, मला घर कशाला हवे होते? अंधेरीच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभे राहून आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, अंगठे उमटविले. कागदावर नसलेली एक अट मात्र होती. आई आहे तोपर्यंत घराला हात लावायचा नाही. दादाने मान डोलाविली होती.

२०१० मध्ये घर पाडले. बांधकाम व्यावसायिकाने देऊ केलेली रक्कम मोठी होती, शेजारची तीन घरे तयार झाली होती, आपण अडून बसलो तर मधोमध अडकू, असे दादाचे म्हणणे. आईला बोरिवलीला भाड्याच्या सदनिकेत ठेवले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. उभ्या आयुष्यात जिने कधी रविवार चुकविला नाही, तिला ख्रिस्तप्रसाद घरी आणून देण्याची पाळी आली. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. “विहीर बुजवली का रे?” असे ती मला दर खेपेस विचारी. २०१३च्या पावसाळ्यात ती गेली. इमारत २०१५ मध्ये उभी राहिली.

दफनानंतर दादा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “बाळ, माझ्याकडून चुकलं.” दफनभूमीत पन्नास माणसे होती. मी अंगात सुरपली घातलेली. मी म्हणालो, “मी तुला क्षमा केली आहे.”

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. पूर्ण वर्तमानकाळ, क्रिया संपलेली. त्यानंतर नव्या सदनिकेला आशीर्वाद द्यायला दादाने मला बोलाविले, तेव्हा मी धर्मग्रामातील कामाची सबब सांगितली आणि दुसऱ्या धर्मगुरूंना पाठविले. नाताळला फोन करीत असे, तीन-चार मिनिटे. पुतण्याच्या दृढीकरणाला गेलो, तेथूनच परत फिरलो. वहिनी दरवर्षी फुगे आणि बॉटल मसाल्याच्या मटणाचा डबा पाठवीत. डबा मी रिकामा परत करीत नसे, त्यात केक घालून देत असे. आमच्यांत भांडण आहे असे कुणीही म्हणू शकले नसते. मुलुंडला माझ्या धर्मग्रामाच्या शेजारी गुजराती जैन कुटुंबे आहेत. पर्युषणाच्या शेवटी त्यांतील एक गृहस्थ दरवर्षी दारात येऊन हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. मी त्यांना दरवर्षी चहा देतो आणि या सुंदर प्रथेवर त्यांच्याशी चांगली पंधरा मिनिटे बोलतो.

आता पुतण्याला काय उत्तर द्यायचे? मी ‘क्षमा’ केली होती, आणि शब्दाच्या धात्वर्थाने ती खरीही होती. मी सहन करीत होतो. पृथ्वीसारखा मी सोसतो आहे, असे मला आतून वाटत होते आणि त्यात एक गोडी होती, हेही कबूल केले पाहिजे. पुसले काहीच नव्हते. बोरिवलीची पाण्याची टाकी मला कालच्याइतकी स्पष्ट दिसत होती. सोडले म्हणावे, तर सही हक्कसोडपत्रावर होती, पण त्या कागदाने घरावरचा हक्क सुटला होता. दादावर रागावण्याचा हक्क मी एक तसूभरही सोडला नव्हता. आणि दिले काय होते? केक.

कोश चाळण्याच्या नादात मी आपल्या भाषेवर एक अन्याय केला होता, तो या चार दिवसांत माझ्या लक्षात आला. इंग्रजीत ‘देणे’ आहे, तुर्कीत आहे, पौलाच्या ग्रीकमध्ये आहे, मराठीत मात्र नाही, असे मी पुतण्याला मोठ्या विद्वत्तेने लिहून बसलो होतो. वडिलांच्या प्रत्येक बिलावर ते लिहिलेले असे. चूकभूल ‘द्यावी’. आणि मराठीत ‘देणे’ हे क्रियापद आहे, तसेच ते नामही आहे. माझे देणे, म्हणजे मी देणे लागतो ते कर्ज. त्याच धातूपासून ‘देणगी’ झाली. मनुष्य कुणाचे तरी देणे आपल्या पदरचे भरतो, तेव्हा त्या देण्याची देणगी होते. वडील डब्यातून पैसे काढून गल्ल्यात टाकीत, तेव्हा नेमके हेच घडत होते, आणि ते मला दहाव्या वर्षी दिसले होते. कालवारीच्या टेकडीवर कोणाचे देणे कोणी भरले, हे मी तीस वर्षे वेदीवरून सांगत आलो आहे. पण सुवर्णअक्षरी सिद्धान्त आणि ट्रंकेतला डबा यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती.

त्या संक्षेपात आणखी एक अक्षर होते. ‘घ्या.’

हे लिहिताना लेखणी अडखळते. माझ्या वहीत एकच बाजू लिहिलेली होती. दादाचे देणे आणि माझे येणे. पण त्या तीन वर्षांत मी बोरिवलीला किती वेळा गेलो? महिन्यातून दोनदा, पुष्कळदा एकदाच. मुलुंडहून बोरिवली लांब आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर वाहतूक असते, रविवारी मला मिस्सा असतात. हे सारे खरे आहे. तिला माझ्या निवासात आणून ठेवण्याचा विचारही मी केला होता आणि बिशपहाउसला विचारण्याच्या आधीच सोडून दिला होता. आईच्या शेवटच्या आजारात रात्री जागल्या त्या वहिनी आणि दादा. तिचे कपडे त्यांनी धुतले. मी तैलाभ्यंग देऊन परत आलो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे लग्न होते. दादाने हे मला कधी ऐकविले नाही. त्याने मला काय केले असेल, क्षमा की माफ की ‘जाऊ दे’, हे विचारण्याचे मला बारा वर्षांत सुचले नव्हते.

पाचव्या दिवशी पुतण्याला लिहिले, “चुकीचं क्रियापद वापरलं. दुरुस्त करतो.” त्याने अंगठा दाखवून दिलेले चिन्ह पाठविले. आजची मुले फार थोडक्यात बोलतात आणि त्यात पुष्कळदा पुरेसे असते.

सव्वीस डिसेंबरला, संत स्तेफनच्या सणाच्या दुपारी, मी अंधेरीला गेलो. रिक्षावाल्याला गावठाण सांगितले तर त्याने इमारतीचे नाव विचारले. मला ते आठवेना. क्रूस सांगितला, तो त्याला ठाऊक होता. क्रूस जागेवर आहे, त्याभोवती आता स्टीलचे कठडे आहेत आणि मागे वाहने लावण्याची जागा. विहीर कुठे होती याचा अंदाज येईना.

नवव्या मजल्यावर दादाने दार उघडले. तो साठी ओलांडून गेला आहे आणि गुडघ्यांनी त्रासला आहे. मला पाहून त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिले. बॅग नव्हती, स्टोला नव्हता.

“कुणी आजारी आहे का?” त्याने विचारले.

“नाही. जेवायला आलोय.”

वहिनींनी पाने मांडली. मी वाटेत काही वाक्ये जुळविली होती, त्यांतले एकही जिभेवर येईना. फुगे गरम होते. जेवता जेवता मी म्हणालो, “दादा, आईपाशी रात्री तूच होतास. मी नव्हतो. ते माझ्याकडे राहिलंय.” तो घास हातात धरून थांबला. मग म्हणाला, “घर मी पाडलं, बाळ. ते तर माझ्याकडे राहिलंय.” वहिनी उठून आत गेल्या. पुष्कळ वेळ कुणी बोलले नाही. खालून एका गाडीचा मागे येतानाचा भोंगा वाजत होता.

“तुझे ते बूट,” मी म्हणालो, “बाबांनी ज्यांचे पैसे गल्ल्यात टाकले.”

“तुला कुणी सांगितलं?” दादा म्हणाला. “मला चावतच होते ते नवे. दुकानात घालून पाहिले होते.” आणि तो हसला. ते खरे होते की नाही, मला ठाऊक नाही.

निघताना मी दाराच्या चौकटीवर पाहिले. आधीच्या धर्मगुरूंनी लावलेला छोटा क्रूस होता. घराला आशीर्वाद मिळून दहा वर्षे झाली होती. मी दादाला विचारले, पुन्हा एकदा करू का? तो म्हणाला, “तू तर काहीच आणलं नाहीस.” पवित्र पाणी मी खरोखरच नेले नव्हते. वहिनींनी स्वयंपाकघरातून स्टीलच्या वाटीत नळाचे पाणी आणि चिमूटभर मीठ आणले. मी प्रार्थना म्हटली, मीठ पाण्यात घातले. वाटी दादाने धरली, आणि आम्ही एकेका खोलीतून गेलो. पुतण्याच्या रिकाम्या खोलीतही गेलो.